पत्रिकेच्या डब्याची परीक्षा

माझ्या स्वभावात संशय आहे, आणि तो मी कधी लपवला नाही. दळण टाकलं की पीठ हातात येईपर्यंत मी गिरणीतून हलायची नाही. रॉकेलवाल्याचं माप आधी उलटं करून बघायची, बुडाला कुठे पोचा मारून ठेवलाय का. तूप असो, मध असो, बोटभर चाखल्याशिवाय बरणी पुढे करायची नाही. आमचे मालक म्हणायचे, "देवळातला प्रसाद पण ही हुंगून खाती." खाते. कुणाचं काय बिघडलं? गिरणीचं जातं आत कसं फिरतं ते मला आजही ठाऊक नाही. पण गहू काय टाकले आणि पीठ काय आलं, एवढं नीट बघितलं तरी गिरणी कशी आहे ते कळतं. माझी शाळा लवकर सुटली. पुढचं वाचन मी किराणाच्या पुड्यांचे कागद उलगडून केलं, आणि बाकीचं शहाणपण असं हुंगून, चाखून आलं. ते एकदा चक्क एका कॉम्प्युटरवर चालवावं लागलं, ती गोष्ट सांगते.

ऐंशी साल उलटून गेलं होतं. शिवाजी पेठेत रंगीत टीव्ही मोजक्या घरांत आला होता आणि त्या घरांत संध्याकाळी बसायला जागा मिळत नव्हती. आमच्या घरी तेव्हा धाकट्या जावेच्या मुलीचं लग्न ठरत आलं होतं. नात्यानं माझी पुतणी, पण मला मुलगी नाही, त्यामुळे ती माझ्याच ताटात जेवून वाढलेली. मला थोरली आई म्हणायची. डी.एड. करून प्राथमिक शाळेत शिकवायला लागली होती. तोंडानं फटकळ. आधीची दोन स्थळं बघून गेली ती परत फिरकलीच नाहीत.

तिसरं स्थळ आलं ते आजऱ्याचं. घरचा काजूचा धंदा, मुलगा मात्र कागलला कचेरीत नोकरीला. बघायला आले त्या दिवशी नेमकं पोह्यात मीठ कमी पडलं होतं. सगळे मुकाट खात होते. मुलानं सरळ सांगितलं, "जरा मीठ द्या की." आमची बया दारातूनच म्हणाली, "मी तेच सांगणार होते, पण मला बोलायचं न्हाय म्हणून बजावलंय." तो ठसका लागेपर्यंत हसला. पुढचे आठ दिवस ती घरात गुणगुणत फिरत होती. एवढ्या वर्षांत मी तिला गुणगुणताना ऐकलं नव्हतं, म्हणून मला जास्तच धास्ती वाटायला लागली.

मुलाला आई नव्हती. घरातला कारभार आत्याच्या हातात. ठसठशीत कुंकू, खणखणीत आवाज, आणि बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारायची सवय. त्यांनी एकच अट घातली. पत्रिका जुळली पाहिजे, आणि ती गुरुजींकडून नाही, कॉम्प्युटरवरून काढलेली पाहिजे.

"गुरुजी पण माणूसच की वो," आत्याबाई म्हणाल्या. "ओळखीचा असला की दोन गुण वाढवून देतोय. यंत्र कुणाच्या ओळखीचं नसतंय."

बोलणं बिनतोड होतं, पण मला तेव्हाच खटकलं. एवढी अट कशाला? नको असलेली सोयरीक मोडायला पत्रिकेसारखं दुसरं हत्यार नाही. कुणाचं मन दुखवायला नको, दोष सगळा ग्रहांवर. आमच्या सासऱ्यांचा त्या भानगडीवर विश्वास नव्हता, त्यामुळे घरातल्या नातवंडांच्या पत्रिका कुणी कधी काढल्याच नव्हत्या. नाही म्हणायला तोंड नव्हतं. "काढू की," म्हणालो.

कॉम्प्युटर आमच्या पेठेतच आला होता. एका जैन घरातल्या मुलानं बापाच्या भांड्यांच्या दुकानात अर्ध्यात प्लायवूडची भिंत घातली होती आणि त्या खोलीत तो डबा मांडला होता. मी त्याला डबाच म्हणायची. बाहेर चपला काढायच्या, आत पडदा, पंखा, डब्याला हार आणि हळदकुंकू. धूळ चालत नाही म्हणायचा, आणि स्वतःच कुंकू लावायचा! तर माझी जाऊ गेली, तिनं मुलीचा जन्मवार, तारीख, वेळ सांगितली, आत्याबाईंनी मुलाची सांगितली, आणि कर्र कर्र करत कडेला भोकं असलेला लांब कागद बाहेर आला. त्यावर ठिपक्याठिपक्यांच्या अक्षरांत लिहिलेलं होतं, एकनाड.

जुनी माणसं एकनाडीला फार भ्यायची. नवरा-बायकोची नाड एक आली तर वंश चालत नाही, असं धरून चालायची. मग बाकी गुण किती का जुळेनात. आत्याबाई कागद घडी घालून उठल्या. "अमावस्या होऊ दे. मग निरोप धाडतो," एवढंच बोलल्या. जाऊ घरी आली ती पदर तोंडाला लावूनच. पेठेत बातमी फिरायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दिवशी आमच्या म्हशीचं दूध न्यायला आलेल्या शेजारणीनं मला विचारलं, "पोरीच्या पत्रिकेत खोट हाय म्हनं?" नाड दोघांची एक आली, पण खोट एकट्या पोरीची.

पुतणी रोजच्यासारखी शाळेत जात राहिली. गुणगुणणं मात्र बंद झालं.

मला झोप लागेना. आधी आत्याबाईंचा संशय आला. दुकानदार पोराला काही देऊन-घेऊन तर त्यांनी तसा कागद काढायला लावला नसेल? मग त्या पोराचाच आला. कागदाच्या तळाला "शांती करावी" असं छापून आलं होतं. शांतीसाठी कुठल्या गुरुजीकडे जायचं तेही त्यानं जावेला सांगितलं होतं. म्हणजे सगळ्यांनाच दोष काढून देत असेल आणि गुरुजीकडून वाटा घेत असेल! शेवटी डब्याचाच संशय आला. परवा बसवलेला डबा, त्याला आमच्या पोरीच्या नाडीतलं काय कळतंय?

दुसऱ्या दुपारी मी शेंगदाण्याची चटणी घेऊन दुकानात गेले. त्यांच्या घरात कांदा-लसूण चालत नाही, म्हणून त्या पोराच्या आईसाठी मी वेगळ्या खलबत्त्यात कुटून द्यायची. वर्षानुवर्षांचं देणं-घेणं होतं. त्या वेळेला गिऱ्हाईक नसतं, हेही मला ठाऊक होतं.

"खरं सांग," मी म्हटलं, "ह्याच्या आत काय हाय?"

"मावशी, देवाशपथ, मलाच ठाव न्हाय. पुण्याच्या एकानं तबकडी दिली. ती घालायची, तारीख-वेळ दाबायची, की उत्तर येतंय. कसं येतंय ते त्यालाच म्हाईत."

"आणि तू त्याच्यावर लोकांची लग्नं मोडतोस?"

पोरगा कानकोंडा झाला. वाईट नव्हता तो. म्हणाला, "मग काय करू, फोडून बघू?"

फोडायचं कशाला? मी म्हटलं, तू नुसता दाबत जा, मी विचारत जाते. कागद काढू नको, काचेवर दाखव. आणि मी त्याच्याशेजारी स्टूल ओढून बसले.

पहिल्यांदा आमच्या पोरीचीच वेळ परत घालायला लावली. तेच आलं, एकनाड. पुन्हा घालायला लावली. पुन्हा तेच. म्हणजे डबा लहरी नव्हता, आणि पोरानंही हातचलाखी केली नव्हती. मग माझी आणि मालकांची घातली. माझी पत्रिका माहेरच्या ट्रंकेत होती, मालकांची आजेसासऱ्यांनी काढून ठेवलेली, दोघांचं नक्षत्र मला तोंडपाठ. तेही बरोबर आलं. इथं मी जरा नरमले. पण संशय म्हणाला, बाई, सरळ प्रश्नाला सरळ उत्तर कुणीही देतं. वाकडं विचारून बघ.

म्हणून मी आमच्या म्हशीची वेळ सांगितली. ती गोठ्यातच जन्मली होती, मी तिथे होते. पोरगा हसायला लागला, पण त्यानं दाबलं. म्हशीची रास आली, गण आला, नाड आली. मी म्हटलं, आता हिचं आमच्या मालकांशी जुळवून दाखव. जुळलं की! माझ्यापेक्षा चार गुण जास्त!

घरी येऊन हे सांगितलं तर मालकांना कौतुकच वाटलं. "डबा हुशार हाय," म्हणाले. "ती उलट बोलत न्हाय."

मी त्या दिवशी त्यांना चहा उशिरा दिला. पण मनात काही तरी बसलं. डब्याला माणूस आणि म्हैस कळत नाही. त्याला फक्त तारीख आणि वेळ कळते. तुम्ही जे सांगाल तेच तो खरं धरणार, आणि त्याचंच पीठ काढून देणार. मग आमचे गहूच चुकले असतील तर? मी जावेला खोदून विचारलं. तू वेळ नक्की सांगितलीस ना?

"आक्का, मी काय खोटं सांगतो व्हय?" जाऊ चिडली. "माझंच बाळंतपण न्हवं का? मंगळवारी रात्री दोन वाजता. सुईणीनं घड्याळ बघितलं. तुम्हीच पाणी तापवत होता की."

खरं होतं. मंगळवारचीच रात्र. मी मंगळवारचा उपास केला होता आणि सोडायला सवड मिळाली नव्हती.

तरी मन ऐकेना. तराजू खरा का खोटा ते कळायला आम्ही काय करतो? दोन्ही पारड्यांत एकच माप टाकतो. तसं डब्यात एकसारखं काय टाकायचं? विचार करत दारात उभी होते, तर समोरून शेजारणीची जुळी पोरं भांडत आली. दोघं पेठेतल्या तालमीच्या संघातून फुटबॉल खेळायचे आणि घरात-दारात भांडायचे. थोरल्याचा रुबाब एवढा की धाकट्याला आधी पाण्याचा तांब्याही घेऊ द्यायचा नाही. ह्या दोघांच्या जन्माची गोष्ट सगळ्या गल्लीला ठाऊक होती. एक रात्री बाराचे टोले पडायच्या जरा आधी आला आणि दुसरा टोले पडून गेल्यावर. सोमवारची रात्र होती. एक आई, एक खोली, एक रात्र. दोन्ही पारड्यांत घालायला ह्यापेक्षा सारखं माप कुठे मिळणार?

मी दोघांना धरून दुकानात नेलं.

थोरल्याचं दाबलं, सोमवार, रात्री बाराला दहा कमी. धाकट्याचं दाबलं, तोच सोमवार, बारा वाजून दहा. काचेवर दोन्ही शेजारी शेजारी आलं. नक्षत्र वेगळं!

"मधी बदललं असंल," दुकानदार पोरगा म्हणाला. "होतंय की कधी कधी तसं."

मला नक्षत्रातलं फार कळत नाही. पण तिथी कळते. जन्मभर उपास त्यावर चालले. मी काचेजवळ तोंड नेऊन वाचलं. थोरल्याची नवमी. धाकट्याची अष्टमी.

"अरे," मी म्हटलं, "तिथी पुढं जाती, का मागं? थोरला नवमीला आला, मग धाकटा त्याच्या मागनं अष्टमीला कसा आला?"

पोरगा काचेकडे बघत राहिला. बोटं मोजली, परत काचेकडे बघितलं, आणि एकदम कपाळाला हात लावला. "मावशी! बारा वाजले की ह्याचा दिवस बदलतोय. आपण सोमवार म्हणून दाबलं, म्हणजे ह्यानं सोमवार सुरू व्हायची रात्र धरली. रविवारची!"

मला समजायला जरा वेळ लागला. आपल्याकडे सूर्य उगवेपर्यंत तोच वार. सोमवारची रात्र म्हणजे सोमवार संपतानाची. पहाटे तीनला मूल झालं तरी बाई सोमवारच सांगणार, कारण मंगळवार अजून उजाडलाच नाही. आणि डब्याचा दिवस मध्यरात्रीच उजाडतो, अंधारात, कुणाला न विचारता. मी आणि मालक दिवसाउजेडी जन्मलेलो, म्हणून आमचं तेवढं बरोबर आलं होतं. घड्याळ बरोबर, बाई बरोबर, डबाही त्याच्या परीनं बरोबर, आणि धाकटा थोरल्याच्या जवळजवळ एक दिवस आधी जन्माला आलेला.

धाकट्यानं हे ऐकलं आणि छाती पुढे काढली. "ए, आजपासनं मला दादा म्हणायचं. आणि तांब्या आधी माझा." थोरला म्हणाला, "तुझ्या डब्याला सांग आधी दादा म्हणायला," आणि दोघं तिथेच जुंपले. हार लावलेला डबा पडला असता. मी दोघांना बखोटीला धरून बाहेर काढलं.

मग मी परत आत आले आणि म्हटलं, "आता आमच्या पोरीचं. मंगळवार नको. बुधवार घाल, रात्री दोन."

तो दाबेपर्यंत मी देवाचं नाव घेतलं नाही. डब्यावरच नजर ठेवली. नाड वेगळी आली. गुणही भरपूर आले.

आनंद व्हायला पाहिजे होता. झालाही. पण लगेच दुसरा किडा वळवळला. आत्याबाईंना हे पटणार कसं? मी त्यांच्या जागी असते तर काय म्हणाले असते? म्हणाले असते, तारीख बदलून पाहिजे तशी पत्रिका काढून आणली. कुणालाही तोच संशय येईल. म्हणून मी नुसता कागद पाठवला नाही. अंबाबाईच्या दर्शनाला या, आणि येताच आहात तर दुकानात या, असा निरोप धाडला.

आत्याबाई आल्या. सोबत मुलगा. आमच्याकडून मी, जाऊ, आणि पुतणी. तिला येऊ नको म्हटलं होतं, तरी आली. त्या छोट्याशा खोलीत आत्याबाई आणि मी स्टुलांवर, बाकीचे दाटीवाटीनं उभे. आत्याबाईंनी नवा कागद बघितला आणि माझ्याकडे बघितलं.

"असं व्हय? तारीख हलवली की गुण हलत्यात? मग आम्ही पण हलवतो की थोडी."

"हलवा," मी म्हटलं. "पण आधी हे बघा." आणि मी जुळ्यांचं दाखवायला लावलं. नवमी, अष्टमी. आत्याबाई वाचत होत्या, ओठ हलत होते. मी सांगत होते. सोमवारची रात्र, बाराचे टोले, आपला वार, डब्याचा वार. हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावर उजाडत गेलं. धाकटा दादा व्हायला निघाला ते सांगितलं तेव्हा तर त्यांनी माझ्या गुडघ्यावर अशी थाप मारली की मी कळवळले. "आगं बाई! म्हंजे पाठचा आधी!" डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

आणि हसता हसताच थांबल्या. त्यांनी मुलाकडे बघितलं, मग जमिनीकडे. मला ते कळलं. संशयी माणसाला दुसऱ्याचा चेहरा लगेच वाचता येतो. मी विचारलं, "ह्यांचा जन्म कधीचा वो?"

"रात्रीचाच," आत्याबाई सावकाश म्हणाल्या. "कोंबडं आरवायच्या आधी. मीच होतो की तिथं."

दुकानदार पोरगा भाबडेपणानं म्हणाला, "मग त्यांची पण तारीख एक दिवस पुढं घ्याया पाहिजे. घालू?"

आता पारडं कुठेही झुकलं असतं. मुलाची नाड बदलून तिसरीच निघाली असती, नाही तर नेमकी आमच्या पोरीचीच निघाली असती. मी इतके दिवस एकच धोशा लावला होता, विचारून बघ, घालून बघ. आता 'घाल' म्हणायची मलाच भीती वाटली. जावेनं माझा दंड घट्ट धरला होता.

पुतणीच बोलली. "घाला की. नंतर कुणाला शंका नको."

मुलगा तिच्याकडे बघून म्हणाला, "व्हय, घाला. मीठ कमी असलं तर आत्ताच कळू दे."

ती हसली. किती तरी दिवसांनी हसली. पोराची बोटं कळांवर गेली.

"थांब रे," आत्याबाई म्हणाल्या. त्यांनी दोघांकडे आळीपाळीनं बघितलं. मग पदर खांद्यावर घट्ट ओढला आणि विचारलं, "आदूगर मला सांग, ह्यो डबा म्हशीची पण पत्रिका काढतोय म्हनं. खरं व्हय?"

पोरानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. "काढतोय. आमच्या मालकांशी जुळली."

"मग म्हशीला विचारून लग्नं ठरवायची का आम्ही? गप बस. जा, चहा सांग सगळ्यांस्नी, साखर जास्त." आणि त्या तशाच जावेकडे वळल्या. "पाव्हणं, कार्तिकात तारीख धरूया. आणि ती तारीख उजेडातली धरा, रात्रीची नको."

आम्ही चहा प्यायलो. डबा तसाच गुरगुरत होता, काचेवर जुळ्यांची नवमी आणि अष्टमी तशीच. मुलाची वेळ त्यात कुणी घातली नाही. मी आत्याबाईंकडे बघत होते. ह्या बाईला पोरगी आवडली म्हणून थांबवलं, की उत्तराला भ्याली म्हणून? का आधीपासून मोडायचं नव्हतंच, आणि मीच उगाच वाईट धरलं होतं? बशीवरून त्यांनी माझ्याकडे बघितलं, तर त्यांच्याही डोळ्यांत तसलंच काही तरी. दोघी एका पिठाच्या, असं वाटलं. मी नजर काढली नाही, त्यांनीही नाही.

लग्न झालं. पुतणी कागलला गेली, बदली करून तिथल्या शाळेत लागली. पहिली मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातून तिचा निरोप आला तो असा: थोरल्या आईला सांगा, उन्हं चांगली वर आल्यावर झाली, डब्याची भानगड नाही.

पेढे वाटायला मी सगळ्यात आधी भांड्यांच्या दुकानात गेले. पोरगा आता जरा स्थूल झाला होता, डबाही नवा आला होता. पेढ्याचा पुडा बघून तो हसला आणि म्हणाला, "मावशी, त्या दिवशी तुम्ही सगळे गेल्यावर मी तुमच्या जावयाची तारीख पुढं घेऊन..."

मी पुड्यातला मोठा पेढा काढला आणि त्याच्या तोंडात कोंबला. "खा," म्हटलं. "आधी खा."

तो खात होता आणि माझ्याकडे बघून हसत होता. मी त्याचा चेहरा किती निरखला! ते हसणं बरं होतं की वाईट, ते मला अजून सांगता येत नाही.